दोन दारांमधलं पिस्तूल

लष्करात असताना हत्यार कधी विकत घ्यावं लागलं नाही. सकाळी शस्त्रागारातून मिळायचं, संध्याकाळी साफ करून परत जायचं. बिघडलं तर कारागिराकडे टाकून दुसरं घ्यायचं. ते कुठल्या कारखान्यात बनलं, कुणी बनवलं, हे बघायची वेळच आली नाही.

निवृत्तीनंतर मी साताऱ्याकडचं गाव सोडून बोईसरला आलो, कारण मुलगा तारापूरच्या एमआयडीसीत नोकरीला लागला होता. काही दिवस घरी बसून काढले. मग बोईसरमधल्या एका सराफाकडे पहारेकऱ्याची जागा निघाली. अट एकच, हत्यार स्वतःचं पाहिजे.

"बंदूक नको, फौजी," मालक म्हणाले. "बंदूक बघून बायका आत यायला बिचकतात. पिस्तूल घ्या. दिसेल, पण डोळ्यात खुपणार नाही."

कोणत्या कंपनीचं घ्यावं हे मी माझ्या एका दोस्ताला विचारलं. तो नगरकडचा, माझ्याच पलटणीतला, आता पालघरला एका पतसंस्थेच्या दारात उभा असतो. त्याने उत्तरेकडच्या एका नव्या खाजगी कंपनीचं पिस्तूल घेतलं होतं आणि तो त्याचं घरच्या पोराचं करावं तसं कौतुक करायचा. मी त्याच्या शब्दावर त्याच कंपनीचं घेतलं. दुकानात हातात धरलं तेव्हा छान वाटलं. पॉलिश चांगलं, मूठ हाताला बसणारी. पालघरला कचेरीत जाऊन परवान्यावर त्याची नोंद करून आलो. त्या दिवसापासून ते पिस्तूल माझं झालं आणि मी त्याचा.

पहिल्यांदा नेमबाजीच्या रेंजवर गेलो तेव्हा दोस्त बरोबर होता. दोन गोळ्या नीट गेल्या. तिसरी तिरकी होऊन नळीच्या तोंडाशीच अडकली आणि वरचा भाग अर्धवट उघडा राहिला. मला वाटलं, माझीच पकड सैल पडली. गोळी काढली, पुन्हा भरलं. पुन्हा तेच झालं.

"दे इकडं," दोस्त म्हणाला. त्याच्याही हातात ते अडकलं. मग मी त्याचं घेतलं. लोण्यातून सुरी जावी तसं ते चाललं.

दोस्ताचा चेहरा पडला. जणू मी त्यालाच काही बोललो होतो. "माझ्यात काय खोट नाही बघ," तो म्हणाला. "तुझा पीस तसा निघाला."

"पीस काय आभाळातून पडतो? कुणीतरी तपासून, शिक्का मारूनच पाठवला ना?"

"होतं एखाद्या वेळी. एकावरून कंपनीला नावं ठेवू नकोस. दहा-वीस जणांना विचार, मग बोल."

"अरे, मी कमरेला दहा-वीस लावत नाही. एकच लावतो."

त्याने विषय बदलला. आम्ही परत येईपर्यंत दुसऱ्याच गोष्टी बोलत राहिलो.

पिस्तूल विकणाऱ्या डीलरने ऐकून घेतलं. परत घेता येणार नाही म्हणाला, एकदा परवान्यावर चढलं की संपलं. विकायचं तर सरकारी परवानगी लागते, आणि अडकणारं पिस्तूल विकत घेणार कोण? कारखान्यात दुरुस्तीला पाठवता येईल, पण कधी परत येईल ते सांगता येत नाही. तोवर मी हत्याराविना, आणि हत्याराविना माझी नोकरी कसली?

मी मालकांना सगळं सांगितलं. ते गल्ल्यावर बसले होते. शांतपणे म्हणाले, "फौजी, वाजवायचं कुठं आहे आपल्याला? कमरेला दिसलं म्हणजे झालं. पाठवायचं असेल तर पाठवा, पण मग दारात दुसरा माणूस बघावा लागेल मला."

मी पाठवलं नाही.

माझी जागा दोन दारांच्या मध्ये होती. बाहेरचं काचेचं दार बंद झाल्याशिवाय आतलं उघडत नाही, आणि दोन्हीची बटणं माझ्या हाताशी. मधे एक स्टूल, वर एक पंखा. आतला एसी तिथपर्यंत पोचत नसे आणि बाहेरचा वाराही नाही. वारा फिरला की कारखान्यांकडचा आंबूस वास मात्र कुठून तरी आत शिरायचा आणि दिवसभर तिथंच राहायचा. गिऱ्हाईक आलं की माझ्या कमरेकडे बघायचं. लहान मुलं तर टक लावून बघायची. सगळ्यांना वाटायचं, हा आहे म्हणून काळजी नाही. ते अडकतं हे दुकानात फक्त मला आणि मालकांना माहीत होतं. पट्टा बांधताना मला रोज वाटायचं, आपण लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकायला निघालो आहोत. आणि तरी रोज निघायचो.

बायकोच्या लक्षात आलं. "अहो, जेवणात लक्ष नाही तुमचं. काय झालंय?"

मी सांगितलं. ती भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "मग लाकडाचंच लावा की. वजन तरी कमी."

ती हसली नाही, मीही नाही.

एका दुपारी दुकानात गर्दी नव्हती. मोटारसायकलवरून दोघे आले. एकाने हेल्मेट काढून हातात घेतलं, दुसऱ्याने काढलंच नाही. काच काळी, तोंड दिसेना. बाहेरचं दार ढकलून दोघे आत आले आणि दार त्यांच्यामागे बंद झालं. आता त्या एवढ्याशा जागेत आम्ही तिघे.

"हेल्मेट काढा," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. नाही.

"काढा. त्याशिवाय आतलं दार उघडणार नाही."

त्याच्या सोबत्याने हातातली पिशवी छातीशी घट्ट धरली. माझा हात कमरेला गेला. बोटांनी चामड्याच्या खोळीचं बटण सोडवलंही. आणि तिथंच तो थांबला. मी पिस्तूल काढलं तर काय होईल हे मला ठाऊक नव्हतं. सुटेल, की तिरकी गोळी तोंडात धरून ते तसंच उघडं राहील? बाहेरचं दार उघडून पळावं तर आत काउंटरवरच्या मुली मागे राहतात. उघडू नये तर मीच या दोघांबरोबर कोंडलेला. आयुष्यभर हत्यार वागवलं, पण इतकं रिकामं कधी वाटलं नव्हतं.

पिशवीवाल्याने माझा हात पाहिला. तो घाबरून म्हणाला, "दादा, तसला काय नाय. माजा भाऊस हाय. कंपनीत तोंड भाजलाय त्याचा."

मग हेल्मेटवाल्याने काच थोडी वर केली. एक गाल आणि कानापर्यंतची कातडी लालभडक, ओली, मलम लावलेली. "पोरां भितात माला बघून," तो हळू म्हणाला. "म्हनून घातलाय."

मी हात काढून घेतला. पिशवीत त्याच्या मुलीची चांदीची पैंजणं होती, कडी तुटलेली. ती जोडून घ्यायला ते डोंगराकडच्या गावाहून आले होते. मी आतलं दार उघडलं. मालकांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी स्टुलावर बसलो आणि खोळीचं बटण परत लावलं. चालणारं पिस्तूल असतं तर कदाचित मी ते बाहेर काढलं असतं. तो विचार मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी मी डीलरकडे जाऊन पिस्तूल दुरुस्तीला जमा केलं आणि मालकांना सांगितलं, "आता दुसरा माणूस बघा."

त्यांनी एजन्सीचा माणूस दारात उभा केला. मला काढलं मात्र नाही. मागच्या खोलीत कॅमेऱ्यांच्या पडद्यासमोर बसवलं. खिडकी नसलेली खोली, त्या दोन दारांमधल्या जागेपेक्षाही लहान. पडद्यावर मी माझीच जुनी जागा बघत बसायचो.

बऱ्याच दिवसांनी कारखान्यातून एका माणसाचा फोन आला. हिंदीत अगदी अदबीने म्हणाला, चूक आमची आहे, नळी बदलतोय, गोळ्या भरायचं मॅगझिनही बदलतोय. हुज्जत घातली नाही, माझ्यावर ढकललं नाही. पिस्तूल परत आलं. रेंजवर नेलं, तर एकदाही अडकलं नाही.

दोस्त खुश झाला. "बघ, कंपनी चांगली आहे का नाही?"

"दुरुस्ती चांगली करते," मी म्हणालो.

"तेवढंही सगळे करत नाहीत."

ते मला मान्य करावं लागलं.

मध्यंतरी जवळच्या घिवली गावच्या एका निवृत्त जवानाचा फोन आला. त्याला दोस्तानेच माझा नंबर दिला होता. "दादा, ही कंपनी कशी हाय? घेऊ का?" मी त्याला दोस्ताचं सांगितलं, माझं सांगितलं, कारखान्याच्या फोनचंही सांगितलं.

"म्हंजे घेऊ का नको?" तो वैतागून म्हणाला.

"घ्यायच्या आधी तोच पीस चालवून बघायला मिळेल का, ते विचारा."

"तसा कोन देतंय, दादा?"

"नाही देत," मी म्हणालो. "मलाही नव्हतं दिलं."

त्याने काय घेतलं ते मला कळलं नाही. पिस्तूल परत आल्यापासून मी पुन्हा दारात बसतो. जमेल तेव्हा रेंजवर जातो, आणि प्रत्येक वेळी ते नीट चालतं. बायको विचारते, "झालं का आता समाधान?" मी हो म्हणतो. कमरेला हात गेला की अजून त्या हेल्मेटवाल्याचा गाल दिसतो, हे सांगत नाही. ती माझ्याकडे बघते आणि ताट वाढायला घेते.