पापण्यांवरचे पिवळे ठिपके

आमच्या पंचक्रोशीत लोक भुतांना घाबरत नसतील इतके माझ्या आत्याच्या यजमानांना घाबरत. काका कट्टा गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, गावराखणीच्या भुताला, देवचाराला, नारळ ठेवणाऱ्यांशी भर रस्त्यात भांडायचे, म्हणून मला ते फार जवळचे. माझी पिशवी तेव्हा अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांनी फुगलेली असे. तरी त्यांचं बोलणं ऐकताना माझ्याही अंगावर काटा यायचा. समोरच्याच्या चेहऱ्याकडे ते बघतच नसत. नजर थेट पापण्यांवर. लग्नात नवरदेवाच्या पापण्या, तेराव्याला गेले की भिंतीवरच्या फोटोतल्या. एका मासेवालीने तर त्यांना बाजारातच सुनावलं, "मास्तरानू, बांगडे बघा! माझे डोळे कित्याक तपासतात?"

"प्रत्येक पेशीत कोणीतरी बसलाहा," ते आवाज खाली आणून सांगत. "डोळे नाय, पण तेका सगळा कळता." पेशीला चरबीचं पातळ कातडं असतं आणि ते कोलेस्टेरॉल धरून ठेवतं. त्यातली धरून ठेवणारी चरबी घटली, की कोलेस्टेरॉल आतल्या पडद्यात सरकतं. तो पडदा भरला, की पेशी कोलेस्टेरॉल बनवणारी आपली भट्टी विझवते. "आणि रक्तातला आत घेवची वाटच बंद आसली तर? भायर पूर, आतलो पडदो सुको. भट्टी पेटलेलीच! मगे ता पापण्यांवर साठता, काळजाच्या शिरांनी साठता." एवढं बोलून ते स्वतःच दचकून मागे बघत.

मागे बघण्यासारखं त्यांच्या घराण्यात होतंही. काही पुरुषांच्या पापण्यांवर पिवळे ठिपके उमटत, आणि ते पुरुष चाळिशीच्या आत चालताबोलता कोसळत. काकांचा थोरला भाऊ तसाच गेला. पुढच्या पिढीत कोणाला ठिपके आले, की गेलेला माणूस परत आला असं घर मानायचं आणि पितृपक्षात म्हाळाच्या दिवशी पहिलं पान त्याला वाढायचं.

त्या म्हाळाला पहिल्या पानावर भावाचा मुलगा विनायक बसला होता. कोवळा पोर, पापण्यांवर ताजे ठिपके. त्याची आई तुपाची धार सोडत म्हणाली, "अहो, सावकाश जेवा." पोटच्या पोराला ती अहो म्हणत होती, आणि पंगतीत कोणालाच त्याचं काही वाटत नव्हतं.

"वहिनी, थांबा!" काका ओरडले. "ह्यो दादा न्हय. दादाक होतो तो आजार आसा. पोराक मुंबयक धाडा, रक्त तपासूया. नायतर ह्योय जातलो."

वहिनीने तुपाची धार थांबवली.

"म्हणजे हे परत इलेच नाय?"

काकांनी हातातला घास पानात ठेवला. म्हणाले, "रक्त तेंचाच आसा, वहिनी."

तिने तुपाचं भांडं बाजूला सरकवलं. मुलाच्या पापण्यांवरून अंगठा फिरवला आणि त्याला नावाने हाक मारली, "विनू, मुंबयची गाडी कधी आसा रे?"

काका पानावरून उठले. मी मागोमाग अंगणात गेलो. ते माडाला टेकून उभे होते, आणि गावाला घाबरवणारा तो आवाज पार बारीक झाला होता.

"माझो दादा आज खरोच गेलो रे," ते म्हणाले.