कोरड्या फरशीवरचं गंजाचं कडं

मी रायपूरला वृत्तपत्राच्या डेस्कवर काम करते. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय बातमी सोडत नाही. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव आजवर करमणूक म्हणून वाचले, खरे मानले नाहीत. त्यामुळे हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय...

आमचं घर रायपूरलगत, बीरगांवात. बोअरचं पाणी जड, त्यात लोह. फरशीवर पांढरा थर आणि तांबूस डाग ठरलेलेच. मागच्या बाथरूममध्ये दादाने बाबांसाठी शॉवर बसवून दिला होता. बाबा त्याखाली कधी उभे राहिले नाहीत. शॉवर चालू करून त्याखाली लोखंडी बादली भरायची, मग पाटावर बसून तांब्याने आंघोळ. बादलीखाली गंजाचं गोल कडं उमटलं होतं.

बाबा गेल्यावर ती बादली मीच भंगारवाल्याला दिली. बाथरूम वापरात नव्हतं. काही महिन्यांनी आई म्हणू लागली, "तुझे बाबा सकाळी आंघोळ करून राहिले. बादलीचा आवाज येते."

दादा रजा काढून नागपूरहून आला. म्हणाला, "हिले भ्रम होतो आहे. मी घेऊन चाललो हिले नागपूरले."

आईला घर सोडायचं नव्हतं. "काहून? फरशी पाह्य न. कडं ताजं आहे."

"जुनंच आहे ते," मी म्हटलं. "मी घासून काढते. परत आलं नाही, तर दादाकडे जायचं."

"हव," आई कबूल झाली.

लिंबूसत्त्व कोमट पाण्यात कालवून ओतलं, वर ओली फडकी टाकली, मग ब्रश घेतला. पांढरा थर लवकर सुटला, गंजाने वेळ घेतला. दादा दारात उभा होता. "शॉवर लावून दिला, तरी बादलीच. भूत होऊनही सुधरले नाहीत बाबा." आईसुद्धा हसली.

फरशी स्वच्छ झाल्यावर शॉवर काढून पाइपला टोपण लावलं, पाण्याचा कॉक बंद केला, दाराला नवं कुलूप घातलं. त्याची एकच किल्ली, ती माझ्या पर्समध्ये.

दादाची रजा संपत आली, तेव्हा आम्ही तिघांनी मिळून दार उघडलं. फरशी कोरडी होती. पाइपच्या टोपणाखाली गंजाचं कडं होतं — त्याच जागी, तेवढंच.

प्लंबर भैयाला बोलावलं. तो वाकून बराच वेळ पाहत राहिला. "दीदी, सीपेज तो फैलता है. ऐसा गोल नहीं आता. बाल्टी रखे थे क्या?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी किल्लीकडे.

आई जिंकल्यासारखी दिसली नाही. तिने बंद कॉक पाहिला आणि हळूच म्हणाली, "पाणीच बंद करून ठेवलं का तू, पोट्टे? कशानं केली असेल त्यांनी आंघोळ?"

दादा एकटाच परत गेला. आईचं डोकं ठिकाणावर आहे, असं मी त्याला सांगितलं — कशाच्या आधारावर, ते मला अजून सांगता येत नाही. कॉक मी उघडून ठेवला आहे. टोपण काढायचं की नाही, हे ठरत नाहीये...