अर्ध्या तासाची परवानगी

कंट्रोलर तात्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. बारामतीच्या एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खोलीत त्यांना खुर्ची होती, पण तिच्यावर त्यांचा डबा बसायचा. तात्या उभ्यानेच माईकवरून गाड्या पुकारायचे आणि दोन गाड्यांच्या मध्ये वायर पुरेल तेवढ्या येरझाऱ्या घालायचे. मला हे दिसत नव्हतं. माझी दृष्टी पंधराव्या वर्षीच गेली. पण अस्वस्थ माणसाच्या चपला बोलतात, आणि तात्यांच्या चपला फार बडबड्या होत्या.

मी रोज इंदापूरहून बारामतीच्या कॉलेजात यायचो. परतीच्या गाडीला तासभर अवकाश असे. तेवढा वेळ तात्या मला आत घेऊन वर्तमानपत्र वाचून दाखवत. बातमी पेपरातली, शेरा त्यांचा. मंत्र्याचं भाषण आलं की म्हणायचे, "ही गाडी विनाथांबा हाय, सोडून देऊ."

वेळेच्या बाबतीत मात्र ते कुणाचेच नव्हते. एकदा कुणा सभापतींसाठी गाडी चार मिनिटं थांबवा, असा निरोप आला. तात्यांनी ती वेळेवर सोडली. सभापती धापा टाकत आले तेव्हा पुढच्या गाडीची वेळ त्यांना आदराने सांगितली, पण माईकवरून. सगळा स्टँड हसला. तात्या म्हणाले, "साडेपाच म्हंजी साडेपाच. पाच एकतीसला मी कुणाला वळखत न्हाय."

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी आमच्या घरी एक भांडण सुरू झालं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अपंगांच्या कोट्यातून टेलिफोन बूथसाठी अर्ज केला होता आणि तो मंजूर होण्याच्या बेतात होता. पिवळी पाटी, काचेची खोली, बसल्या जागी धंदा. मला पुण्याच्या एका कॉलेजात समाजकार्य शिकायचं होतं. त्याला प्रवेश परीक्षा होती. शेवटी अण्णा म्हणाले, "एकदा बस परीक्षेला. लागला नंबर तर जा. न्हाय लागला तर बूथ उघडायचा, आन् परत नाव काढायचं न्हाय."

अपंगांविषयी सरकारला तेव्हा नवा कळवळा आला होता. अपंग दिनाला मला स्टेजवर एक हार, एक नारळ आणि माझ्या कमरेपर्यंतही न पोचणारी पांढरी काठी मिळाली होती. परीक्षेत लेखनिक आणि अर्धा तास जास्त मिळावा म्हणून मात्र सिव्हिल सर्जनच्या कचेरीत तीन खेपा झाल्या. "अजिबातच दिसत नाही का?" असं तिथल्या कारकुनाने मला तिन्ही वेळा विचारलं. अखेर पत्र आलं. अट एकच होती: लेखनिक उमेदवारापेक्षा कमी शिकलेला असावा.

तात्या दहावी होते. "कमी शिकल्याचा आज पयल्यांदा उपेग झाला," म्हणत ते तयार झाले. महिनाभर चौकशीच्या खोलीत सराव चालला. पर्याय वाचताना त्यांना जो बरोबर वाटे, त्यावर त्यांचा आवाज आपोआप चढायचा. तो पर्याय बहुतेक वेळा चुकीचा असायचा. मी तक्रार केली की म्हणायचे, "मी काय सुचवत न्हाय बाबा. आवाजच तसा हाय."

परीक्षेचं केंद्र बारामतीतच होतं. आम्हांला प्रयोगशाळेशेजारची स्वतंत्र खोली दिली. पर्यवेक्षकांनी तात्यांना बसायला सांगितलं. पाच मिनिटांत ते उठले, आणि मग सगळा पेपर त्यांनी फिरत फिरत वाचला. मी उत्तर सांगितलं की टेबलापाशी येऊन खूण करायचे, की पुन्हा चालू. पहिले शंभर प्रश्न बरे गेले. मग आकडेमोड आली आणि मी अडकत गेलो. एकेक प्रश्न तीनतीनदा वाचायला लावू लागलो.

आणि घंटा झाली. पर्यवेक्षक दारात आले. तात्यांनी इतकी वर्षं जे केलं तेच केलं. "टाईम झाला," म्हणाले, उत्तरपत्रिका उचलली आणि त्यांच्या हातात दिली. एकवीस प्रश्न राहिले होते.

मी काही बोललो नाही.

व्हरांड्यात पोचल्यावर तात्यांच्या चपला एकदम थांबल्या. "आरं देवा. आपला आर्धा तास!" मला तिथेच खांबाला धरून उभं करून ते धावले. केंद्रप्रमुखांचा आवाज मला ऐकू येत होता: "लेखनिकाने पेपर दिला म्हणजे उमेदवाराने दिला. नियम आहे."

"साहेब, पत्र त्याच्या नावाचं हाय, माझ्या न्हाय. गाडी मी सोडली. प्रवाशानं उतरतो म्हणाय पायजे का नको?"

"तुम्ही लेखी द्याल, तुमची चूक म्हणून?"

"हितंच देतो. अंगठाबी लावू का?"

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा अजून शिवला गेला नव्हता. आम्हांला सतरा मिनिटं परत मिळाली. तात्यांनी सगळे पर्याय एका सुरात वाचले, आवाज कुठेही चढू दिला नाही. माझा नंबर लागला, यादीत खालून तिसरा.

गावभर तात्या स्वतःच सांगत सुटले, "ह्या पोराचं वाटोळं केलं हुतं मी." अण्णांनी त्यांना त्यावरून चार शब्द सुनावलेही. तात्यांनी ते ऐकून घेतले. मीही ऐकत बसलो होतो. खरं म्हणजे घंटा मी ऐकली होती. अर्धा तास आपला आहे हेही मला ठाऊक होतं. त्यांनी उत्तरपत्रिका उचलली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता आकडेमोड नको, पुणं नको, हरलो तर दोष दुसऱ्याचा.

तात्या निवृत्त झाल्यावर मी त्यांना भेटायला गेलो. मी तोवर नोकरीला लागलो होतो. गप्पांच्या ओघात त्यांनी तो विषय एकदाच काढला. "येक इचारू? त्या दिवशी तू का रं बोलला न्हाईस?"

"घंटा ऐकूच आली नाही, तात्या."

थोडा वेळ त्यांच्या येरझाऱ्या थांबल्या. इंजिनाच्या आवाजावरून मी इंदापूरची गाडी ओळखायचो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

"व्हय, व्हय," ते म्हणाले. "रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांचा आवाज लई हुता."

परीक्षा मे महिन्यात झाली होती. साखर कारखाने हंगाम संपवून केव्हाच बंद झाले होते.