रंगूबाईंचे गुरुवार

"मग आठ महिने जात कुठे होतात, तेवढं सांगा!"

राजलक्ष्मीचा आवाज इतका चढला की समोरच्या ब्लॉकचं दार किलकिलं झालं आणि लगेच लागलं. "दर गुरुवारी साडेचारला घराबाहेर. सातला परत. मी साहेबांच्या हातापाया पडून लवकर सुटायचे. कशासाठी? तर आमच्या सासूबाईंचा सत्संग चुकू नये!"

रंगूबाई खाली बसून नातीला मऊ भात भरवत होत्या. दहा महिन्यांची वैष्णवी मांडीत, समोर वाटी. त्यांनी घास थांबवला नाही.

"मी आपलं मावशींची तब्येत विचारायला आलो होतो," सिताराम तिसऱ्यांदा म्हणाला. नेरूळच्या सत्संग मंडळाचा हा जुना सेवेकरी. त्याच्या हातात चहा होता आणि तो संपल्याशिवाय त्याला उठता येत नव्हतं. "आठ महिने दिसल्या नाहीत, म्हटलं काही दुखणं-बिखणं."

धनाजी न्हावा शेवा बंदरातल्या कामावरून नुकताच आला होता. एक बूट पायात, एक हातात. "आई, तू बोल तरी. ह्यांचं चुकलं असेल. गर्दीत दिसली नसशील."

"न्हाई, बरोबर सांगत्यात," रंगूबाई म्हणाल्या. "मी जात नव्हते."

राजलक्ष्मी सोफ्याच्या हातावर बसली. एकदम तिला काहीतरी आठवलं. "आणि प्रसाद? तुम्ही आणायचात तो प्रसाद?"

"वाण्याकडचे बत्तासे."

"वाण्याकडचे! पोरीला ताप होता तेव्हा मी ते तिच्या उशाखाली ठेवले होते, आई!"

"उतरला न्हवं ताप?"

"उतरला, पण..."

"मग झालं तर."

सिताराम चहा प्यायचा विसरला.

रंगूबाईंच्या तोंडून खोटं निघेल यावर या घरात कुणाचा विश्वास बसला नसता. साताऱ्याकडून लग्न होऊन आलेली बाई. नवरा, कृष्णात, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोण्या वाहायचा. तो गेला तेव्हा धनाजी कॉलेजात होता. शेजारणींनी रंगूबाईंना हाताला धरून मंडळात नेलं, ते नऊ वर्षं एक गुरुवार चुकला नाही. मासळी सोडली, कांदा-लसूण चातुर्मासात सोडला. जपाची वही भरली की नवी वही. राजलक्ष्मीच्या माहेरी यांचं नाव निघालं की मागोमाग "फार धार्मिक हो" हे यायचंच.

"कुठे जात होतीस?" धनाजीने विचारलं. बूट अजून हातातच होता.

"गोजराकडं."

"कोण गोजरा?"

उत्तर सितारामने दिलं, आणि देताना त्याचाच चेहरा बदलला. "चपला राखायची ती? हॉलच्या बाहेर बसायची ती म्हातारी?"

"म्हातारी काय म्हणता, माझ्यापेक्षा दोन वर्सांनी ल्हान हाय. तुमाला नाव म्हाईत हाय का तिचं? इतकी वर्सं चपला राखली तिनं."

"नाव... म्हणजे, ती यायची बंद झाली. आम्ही दुसरा माणूस बसवला."

रंगूबाईंनी नातीचं तोंड पदराने पुसलं. मग जे सांगितलं, ते भाजी निवडताना सांगावं तसं सांगितलं. त्या गुरुवारी सगळे डोळे मिटून बसले होते. बाहेर कुणीतरी खोकत होतं. थांबेना. पुढून कुणीतरी म्हणालं, त्या बाईला जरा लांब बसवा, ध्यान मोडतंय. सिताराम उठले. रंगूबाईही उठल्या, तांब्या घेऊन. बाहेर गोजरा चपलांच्या रांगेत ओणवी झाली होती आणि पदराला रक्त होतं. सितारामांनी तिला लांब बसवलं आणि ते आत गेले. रंगूबाई आत गेल्या नाहीत. रिक्षा करून तिला गावठाणातल्या तिच्या खोलीवर पोचवली, दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात नेली.

"रक्त?" राजलक्ष्मी उभी राहिली. "खोकल्यातून रक्त? आई, काय झालंय तिला?"

"टीबी."

राजलक्ष्मीने पोरीला मांडीतून अक्षरशः ओढून घेतलं. वाटी लवंडली, भात फरशीवर सांडला, वैष्णवी किंचाळली.

"टीबी! आणि त्याच हातांनी माझ्या पोरीला..." ती पोरीची छाती, कपाळ, गळा चाचपत राहिली.

"अगं, तिकडं येगळं लुगडं ठेवलंय. तिथंच अंघोळ करून येते. डॉक्टरांना इचारलं होतं मी. गोळ्या लागू झाल्या की पसरत न्हाई म्हणाले."

"कुठलं लुगडं?" राजलक्ष्मीचे डोळे विस्फारले. "ते विटकरी? जे कामवाल्या सखूने चोरलं म्हणून मी तिला नाही नाही ते बोलले?"

"सखूला मी त्याच दिवशी खरं सांगितलं. ती म्हनाली, वहिनींचं बोलनं मी काय अंगाला लावून घेत न्हाई. तिनंच मग मला बोंबील आणून दिले."

"बोंबील!" हे सिताराम.

"गोजराला भाजी गिळत न्हाई. खाडीकाठची बाई. मग दिले करून."

"तुम्ही केलेत? मावशी, नऊ वर्षांचा नेम..."

"मोडला," रंगूबाई म्हणाल्या आणि फरशीवरची शितं गोळा करू लागल्या.

धनाजीला हसावं की ओरडावं कळेना. "निदान ती बाई गुण तरी मानते का तुझे?"

"छ्या! पहिल्या दिवशी वाटी फेकून मारली. म्हने, खारट हाय. 'तू माजी कोन हायस गो? कशाला येतस?' दर खेपेला हेच. शिव्या तर अशा, की तुझ्या बापाच्या मार्केटात ऐकल्या न्हवत्या."

"मग का जातेस? काय लागते ती तुझी?"

"काय न्हाई लागत."

"पुण्य मिळतं म्हणून?" राजलक्ष्मी कडवट स्वरात म्हणाली.

रंगूबाई थांबल्या. हा प्रश्न त्यांना खरंच नवा असावा, कारण त्यांनी विचार केला. "मंडळात डोळे मिटले की मला काय दिसायचं, सांगू? डाळ भिजवली का. लाईट बिल भरलं का. धनाजीला उशीर का झाला. नऊ वर्सं देवापुढं बसून मी घरचंच बघत होते. वाटायचं, आपल्यातच खोट हाय. एकदा गोजराचं डोकं धूत होते. गुंता लई. काढता काढता कवा अंधार पडला कळलं न्हाई. मी म्हणून कुनी तिथं न्हवतंच, राजी. नुसता गुंता, पानी, आन् तिचं डोकं. ती शिव्या देत होती. मला असं बरं वाटलं, की घाबरले. आतापातुर कुणाला सांगितलं न्हाई. काय म्हणून सांगनार?"

सितारामने कप खाली ठेवला. चपला घालून, हात जोडून तो निघून गेला.

राजलक्ष्मी मात्र बधली नाही. ती वाईट नव्हती. तिच्या कडेवर दहा महिन्यांचं पोर होतं. "आता बरी आहे ना ती? गोळ्यांनी?"

रंगूबाईंनी नकारार्थी मान हलवली. "बरं वाटलं तशा तिनं गोळ्या सोडल्या. मला दाखवायला तोंडात घालायची, मी निघाले की थुकायची. तांदळाच्या डब्यात सापडल्या मला गेल्या गुरुवारी. परत रक्त पडतंय. डॉक्टर म्हणाले, पहिल्यापासून सुरू. आता आठ महिने. त्यातले दोन महिने रोज इंजेक्शन. समोर उभं राहून गोळी गिळवणारं मानूस पायजे."

"म्हणजे तिचा रोग आत्ता पसरतोय," राजलक्ष्मी एकेक शब्द तोडत म्हणाली. "तर ऐका आई. हे गुरुवार बंद. आजपासून. तिच्याकडे जाऊन आलेल्या माणसाने माझ्या मुलीला हात लावायचा नाही. मी उद्या हिला तपासून आणणार, तुम्हालाही. सांगा काय करायचं ते."

धनाजी आईकडे बघत होता. वैष्णवी आईच्या खांद्यावरून आजीकडे दोन्ही हात पसरून रडत होती. तिला पहिला घास आजीने भरवला होता. झोपताना तिला आजीचाच अंगठा मुठीत लागायचा. रंगूबाईंचे हात तिच्याकडे जाता जाता मागे फिरले. त्यांनी ते पदरात गुंडाळले.

"राजी म्हणते ते खरं हाय," त्या म्हणाल्या.

राजलक्ष्मीचा श्वास सुटला. धनाजीने हातातला बूट एकदाचा खाली ठेवला.

"असं जाऊन येऊन करणं बरं न्हाई. लेकराचा जीव हाय," रंगूबाई म्हणाल्या. "उद्या तपासायला नेशील तिथं मी येते. तुझ्या आईला फोन कर, बोलवून घे. वैष्णवीला दुपारी त्या बघतील. भातात तूप आधी घालायचं, मागनं न्हाई, तेवढं त्यांना सांग."

"म्हणजे?" धनाजी म्हणाला.

"सोमवारपासून मी गोजराच्या खोलीवर राहणार. आठ महिने."