जास्तीचे तीनशे वीस तास

कुणाच्याही घरी गेलो की मी आधी फिल्टर बघतो. लोक पाणी आणतात, चहाचा आग्रह करतात, आणि मी मशीनच्या पाठीमागचं झाकण उघडून बसलेला असतो. काही जणांना ते आवडत नाही. नसू दे. श्वास देणारं मशीन खोलीतली हवा आत ओढतं आणि नळीतून माणसाच्या छातीत भरतं. ज्या स्पंजातून ती हवा गाळायची तोच धुळीनं बरबटलेला असेल, तर तुमचा चहा घेऊन मी काय करू? बायको म्हणायची, तुम्हाला माणसांपेक्षा मशीनं जास्त कळतात. ती गेली त्याला सहा वर्षं झाली. आता केडगावच्या घरात असं म्हणायलाही कुणी नाही.

माझं नाव काकासाहेब. नगरच्या एका संस्थेकडे सात छोटे व्हेंटिलेटर आहेत, शाळेच्या दप्तराएवढे. ज्यांना स्वतःचा श्वास घेता येत नाही, पण दवाखान्यात वर्षानुवर्षं राहणंही शक्य नाही, अशांना ते घरी वापरायला द्यायचे, घरच्यांना शिकवायचं आणि ठराविक दिवसांनी जाऊन तपासून यायचं, हे माझं काम. सात घरांपैकी सहा घरी मी फिल्टरवरून तोंड सोडलेलं आहे. सातवं घर चांगुणाबाईचं. तिथं मला चार वर्षांत एकदाही बोलायची संधी मिळाली नाही.

आणि त्याच चांगुणाबाईवर त्या दिवशी मी सकाळपासून भडकलेलो होतो.

तिचा नवरा भिमाजी जाऊन चाळीस दिवस झाले होते आणि मशीन अजून तिच्याकडंच होतं. इकडं घोडेगावची रतनबाई नावाची बाई नगरच्या दवाखान्यात अडकून पडली होती. डॉक्टर घरी सोडायला तयार होते, पण मशीन असेल तरच. तिचा नवरा मला रोज दोनदा फोन करायचा. मी चांगुणाबाईला फोन केला की ती म्हणायची, "दोन दिसांनी या, भाऊ." पहिल्यांदा दहावं-तेरावं होतं. दुसऱ्यांदा म्हणाली, पोरगा घरी न्हाई. तिसऱ्यांदा तिनं कारणच सांगितलं नाही. चौथ्यांदा मी फोन केला नाही, गाडी काढली.

करंजी घाट उतरून पाथर्डीच्या पुढं गेलं की डोंगराकडं तिची वस्ती लागते. सतरा घरं. दिवाळी झाली की सोळा घरांना कुलूप बसतं, कारण सगळी ऊसतोडीला जातात, थेट गुढीपाडव्याच्या आसपास परततात. कोंबड्या, शेळ्या, कुत्रीसुद्धा बरोबर नेतात. मी हिवाळ्यात गेलो की त्या वस्तीत माझ्याच गाडीचं दार लावल्याचा आवाज मला मोठा वाटायचा.

भिमाजी आणि चांगुणाही दरवर्षी जायचे. भिमाजी गाडीवान. चार वर्षांपूर्वी उसानं भरलेल्या गाडीवर चढून दोर आवळताना दोर तुटला आणि तो उलटा खाली आला, मानेवर. जीव वाचला, पण मानेखालचं सगळं गेलं. हात नाही, पाय नाही, श्वास नाही. गळ्याला भोक पाडून नळी घातली, त्यामुळं आवाजही गेला. उरले ते डोळे, ओठ आणि जीभ.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी चांगुणाबाईला पहिल्यांदा मशीन शिकवलं. मी बटणं दाखवत होतो, ती ऐकत होती. मधेच तिनं विचारलं, "भाऊ, ह्ये बंद पडलं तर माझ्याकडं किती येळ हाय?"

इतक्या वर्षांत पहिलाच प्रश्न हा विचारणारी ती एकटीच. मी म्हणालो, "चार मिनिटं धरा."

"मंग बटनं ऱ्हाऊ द्या. आधी ती हातानं दाबायची पिशवी शिकवा."

ती हाताची पिशवी म्हणजे रबरी फुगा असतो, मशीन बंद पडलं की नळीला लावून दर चार सेकंदांनी दाबत राहायचा. ती शिकली. मग बटणं शिकली. तिसरीपर्यंत शाळा झालेली, पण आकडे वाचायची पक्की. मशीनच्या भोंग्यांना तिनं स्वतःची नावं ठेवली. नळी निसटली की मशीन जोरात ओरडतं, ती टिटवी. लाइट गेली आणि मशीन बॅटरीवर आलं की बारीक आवाज करतं, ते कोकरू. मला कंपनीनं दिलेली नावं पाठ होती. वर्षभरात मीसुद्धा टिटवी-कोकरूच म्हणायला लागलो.

फिल्टरचं म्हणाल, तर तिच्याकडं दोन स्पंज होते. सोमवारी एक धुवायचा, दुसरा लावायचा. धुतलेला बाहेर वाळत घालायची नाही, धूळ बसते म्हणून. घरात चुलीपासून लांब, दोरीवर, वरून तलम ओढणी टाकून. हे मी शिकवलेलं नव्हतं.

आणि भिमाजीचं बोलणं. आवाज नसला तरी त्याला जीभ टाळूला लावून "टॉक्" असा आवाज काढता यायचा, बैल हाकताना काढतात तो. एकदा काढला की इकडं ये. दोनदा काढला की नळीत कफ आलाय, ओढून काढ. तीनदा म्हणजे काही नाही, नुसतंच. मी एकदा समोर असताना त्यानं तीनदा आवाज काढला. चांगुणाबाई भाकरी थापत होती. ती न वळता म्हणाली, "जलमभर बैलांला हाकलं, आता मला हाकतायत. ऐकतीय की मी!" भिमाजी ओठांनी हसला. तोंडातल्या तोंडात हसणारा नवरा आणि पाठ फिरवून हसणारी बायको. मला घरी जाऊन जेवण गेलं नाही.

मागच्या हंगामात एक प्रकार झाला, तो सांगितल्याशिवाय ही बाई कळायची नाही. सकाळी नऊला लाइट गेली. तिकडं जातेच, म्हणून ती बसून राहिली. बॅटरी चार तास चालते. एक वाजता बॅटरी संपत आली तरी लाइट नाही, तेव्हा तिनं मला फोन केला. मी त्या भागाच्या वायरमनचा नंबर मिळवला. पोरगेला माणूस, नवीनच बदलून आलेला. तो म्हणाला, "साहेब, त्या वस्तीच्या डीपीचे फ्यूज मीच काढलेत. हंगामात तिथं कुणीच नसतंय."

"कुणीच नसतंय म्हणजे?" मी असा ओरडलो की शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर आली. "तिथं एक बाई हातानं नवऱ्याला श्वास देतीय!"

तो बिचारा घाबरून तसाच निघाला, पण दुसऱ्या गावाहून यायला त्याला दोन तास लागले. ते दोन तास चांगुणाबाई रबरी फुगा दाबत बसली. हात बदलून, मग दोन्ही हातांनी, मग गुडघ्यात धरून. हाक मारायची तर सोळा घरांना कुलपं. भिमाजी मधूनमधून तीनदा टॉक् करायचा, एवढीच काय ती सोबत. लाइट आली तेव्हा तिची बोटं सरळ होत नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं अमृतच्या, म्हणजे पोराच्या, लग्नातला गुलाबी फेटा टरकावला आणि त्याची लांब चिंधी डीपीच्या खांबाला बांधली. वायरमनला सांगितलं, "ही दिसली की समजायचं, वस्तीवर मानूस हाय."

यंदा दिवाळीनंतर भिमाजीच्या छातीत कफ भरला. न्यूमोनिया झाला आणि दोन दिवसांत तो गेला. मशीन शेवटपर्यंत नीट चाललं. अमृत आणि सून रुपाली कारखान्यावरून आले, दिवस घातले आणि परत गेले. तिला म्हणाले, चल आमच्यासंगं. ती म्हणाली, मशीन द्यायचं ऱ्हायलंय, ते दिलं की येते. हे मला अमृतनं फोनवर सांगितलं होतं, म्हणून तर माझा राग जास्त होता. पोराला सांगते मशीन द्यायचंय आणि मला देत नाही. चार वर्षांच्या ओळखीत मला काय काय वाटलं असेल तुम्हीच समजा. वाटलं त्याची आज लाज वाटते.

गेलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. खांबावर चिंधी होती, ऊन खाऊन फिकट झालेली. चांगुणाबाई दारात बसून तूर निवडत होती. मी पाणी घेतलं नाही. आत गेलो. भिमाजीची खाट रिकामी, वर घडी घातलेलं घोंगडं. तिची खाट शेजारी. मशीन मधल्या स्टुलावर होतं तिथंच. सवयीनं मागचं झाकण उघडलं. फिल्टर स्वच्छ. दोरीवर ओढणीखाली दुसरा स्पंज, अजून ओलसर.

सोमवार कालच झाला होता. माणूस जाऊन चाळीस दिवस झाले आणि फिल्टर धुतलेला.

ट्रॅक्टरला जसं तासांचं मीटर असतं तसं या मशीनलाही असतं. किती तास चाललं ते त्यात कायम राहतं, पुसता येत नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी तपासणीला आलो तेव्हाचा आकडा माझ्या वहीत होता. त्यानंतर भिमाजी तीस दिवस जगला. रोजचे चोवीस, म्हणजे सातशे वीस तास. मीटर एक हजार चाळीस तास पुढं गेलेलं. तीनशे वीस तास जास्तीचे. चाळीस दिवस, रोजचे आठ तास.

मी बाहेर येऊन विचारलं, "ताई, मशीन कुणाला लावलं होतं?"

तिनं सूप खाली ठेवलं. खोटं बोलणं तिला जमत नाही.

"कुनाला न्हाई, भाऊ. तुमी मशीन तपासायला तो दुसरा बारका फुगा दिल्ता ना, छातीवानी फुगतो त्यो, नळीच्या तोंडाला लावते. न्हाईतर टिटवी वरडती." मग म्हणाली, "मला झोपच लागंना. चार वरीस त्या आवाजावर झोपले. ह्ये गेल्यावर पयल्या राती मशीन बंद केलं आन् असं झालं की माझाच जीव घुसमटतोय. वस्तीवर कुत्रंबी न्हाई भुकायला. मंग लावलं. लावलं की वाटतं, हायेत बाजूला."

मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. तिला काय सांगू? केडगावला बायकोची पंख्याखालची जागा मी अजून मोकळी ठेवून झोपतो, हे सांगितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं का? मी सांगितलं नाही. मला तसलं बोलता येत नाही.

"तुमी चिडला आसताल," ती म्हणाली. "मला कळत हुतं. कुनीतरी वाट बघत आसंल मशीनची."

"घोडेगावची बाई आहे. रतनबाई. चाळीशीतली. दवाखान्यात आहे."

"आन् मी फुग्याला हवा देत बसले." तिनं तोंडाला पदर लावला. ती रडली, मोठ्यानं रडली, आणि मी ऐकत बसलो. सतरा घरांच्या वस्तीत ऐकणारा मी एकटा.

मशीन ठेवून जावं असं मनात आलं नाही असं नाही. दुसरं मशीन मोकळं असतं तर मी वहीत काहीतरी खोटं लिहून ते ठेवलंही असतं. नव्हतं.

मग ती उठली. तोंड धुतलं. मशीन तिनंच आवरलं. नळी पुसली, वायर गुंडाळली, बॅटरी पूर्ण भरलीय का ते मला दाखवलं. दोरीवरचा दुसरा स्पंज काढून कोरड्या फडक्यात बांधला. तो बारका फुगा तेवढा हातात धरून उभी राहिली, मग तोही पिशवीत घातला.

"त्या बाईच्या घरात कोन हाय?"

"नवरा आहे, सासू आहे, दोन पोरी आहेत."

"बरं झालं." खरंच बरं वाटल्यासारखं ती म्हणाली. "त्यांला सांगा, सोमवारचा सोमवार फिल्टर. आन् बाईला बोलता येत न्हाई म्हनून नुसतं पडू देऊ नका. जिभेचा आवाज काढायला शिकवा. एकदा म्हंजी ये. दोनदा म्हंजी कफ."

"आणि तीनदा?"

"त्ये त्यांचं त्यांला सापडंल."

त्या दिवसापासून मी प्रत्येक घरी हे शिकवतो. कुणाकडून शिकलात म्हणून विचारलं तर सांगतो, पाथर्डीकडं एक बाई आहे.

मशीन मागच्या सीटवर ठेवून पट्टा लावला. तिला म्हणालो, "आता तर अमृतकडं जाल ना?" ती म्हणाली, बघू. म्हणजे जाणार नव्हती. गाडी वळवताना समोर खांबावरची चिंधी दिसली. मला वाटलं, आता ती कशाला? उगाच तिला रोज दिसायची. उतरलो, खांबाशी गेलो आणि गाठ सोडायला लागलो. ऊन-पावसानं घट्ट बसली होती.

चांगुणाबाई दारातून ओरडली, "भाऊ, ती नका सोडू!"

"आता काय उपयोग, ताई?"

"उपेग म्हंजी?" ती म्हणाली. "मी हाय की अजून."

मी अर्धी सुटलेली गाठ परत बांधली. दोनदा आवळली.