सुरत ते दिमापूर, सहा तास वीस मिनिटं

माझी शेवटची पोस्टिंग नागालँडच्या डोंगरात होती. मी लष्करी कंपनीचा सिनियर जेसीओ, म्हणजे सुभेदार. रोज पहाटे पाचला रस्ता सुरक्षित आहे का ते तपासणारी रोड ओपनिंग पार्टी निघायची, साडेनऊला परत यायची. पार्टी कमांडर नाईक दिनेश वरठा, बेटेगावचा. मी एडवणचा. दोघेही पालघरचे, म्हणून तो मला एकट्यालाच ‘दादा’ म्हणायचा. तेही कोणी जवळ नसताना.

त्या गुरुवारी सात चाळीसला वायरलेस सेट वाजला.

“लँडस्लाइड. गाडी खाली गेली. दोन कॅज्युअल्टी, एक सिरियस. ओव्हर.”

“सिरियस कोण?”

“वरठा.”

दहाला हेलिकॉप्टर आलं. मी त्याच्यासोबत दिमापूरच्या लष्करी हॉस्पिटलात गेलो. दुपारी सर्जन मेजर बाहेर आले. “घरच्यांना बोलवा. उशीर करू नका.”

मुंबईहून दुसऱ्या दिवशीचं तिकीट मिळेना. सुरतहून मिळालं. सुरत ते कोलकाता, तिथे विमान बदलून दिमापूर. मी दिनेशच्या वडिलांना फोन केला.

“किती लांब हाय, सायेब?”

“सरळ धरलं तर बावीसशे किलोमीटर, काका. नऊ दहाला सुटाल, साडेतीनला इथे.”

“तवर थांबंल ना तो?”

“थांबेल,” मी म्हणालो. तसं म्हणायचा मला काही अधिकार नव्हता.

शुक्रवारी काका आणि दिनेशची आई पहाटे चारला जीपने निघाले. विमान वेळेवर सुटलं. अकरा वीसला दिनेश गेला. ते दोघं तेव्हा हवेत होते, फोन बंद.

अकरा पंचावन्नला कोलकात्याहून काकांचा फोन आला.

“उतरलो. दिनेश कसा हाय?”

मागे त्याची आई काहीतरी विचारत होती. पुढच्या विमानाला अजून दोन तास होते. परक्या विमानतळावर, अनोळखी माणसांत, ती दोघंच.

“या तुम्ही,” मी म्हणालो. “मी घ्यायला येतो.”

साडेतीनला ते बाहेर आले. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

“कवा?”

“अकरा वीस.”

“मंग फोनवर तुमाला ठावं व्हतं.”

“हो.”

आई खाली बसली. काका उभेच राहिले. म्हणाले, “सांगाया पायजे व्हतं, सायेब. दुसऱ्या इमानात मी सारा येल त्याला ‘थांब, थांब’ म्हणत व्हतो.”

मी त्यांची पिशवी उचलली.

निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली. दर वर्षी त्या तारखेला मी बेटेगावला जातो. पहिली दोन वर्षं आम्ही नुसते बसून राहिलो. यंदा मी काकांना सांगितलं की, जाण्याआधी दिनेश थोडा वेळ शुद्धीवर होता. आईबाबा नऊ दहाच्या विमानाने निघाल्याचं मी सांगितलं, तेव्हा त्याने वेळ विचारली. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

“म्हणजे आईबाबा आता वर असतील,” तो म्हणाला होता. “दादा, बाबांना खिडकी मिळाली असेल का?”

काकांनी शेताकडे पाहिलं.

“नाय,” ते म्हणाले. “आमी मदल्या शिटांवर व्हतो.”