देवाला न विचारलेली भाषा

गोव्यातल्या पेडण्याच्या बाजारात यशवंताचं नारळ-सुपारीचं दुकान आहे. माणूस मापाला सच्चा, उन्हातून आलेल्या म्हातारीला बसायला स्टूल देणारा. पण स्वतः विचार करायची पाळी आली की आधी शेजाऱ्याच्या दारात डोकावणार. शेजाऱ्याने छपराला निळे पत्रे घातले, यानेही निळेच घातले. शेजाऱ्याने कुत्रा पाळला म्हणून याने पाळला, तो यालाच चावला.

त्या शेजाऱ्याच्या प्रज्योतला बारावीत फ्रेंचमध्ये चौऱ्याण्णव मिळाले. झालं! यशवंताच्या तनयाची अकरावी तेव्हा सुरू व्हायची होती. तिला नर्स व्हायचं होतं. आई आजारी असताना डिचोलीच्या दवाखान्यात तिने आठ दिवस उशाशी काढले, तेव्हापासून डोक्यात तेच. भाषा म्हणून मराठी घेते म्हणाली.

"मराठी?" यशवंत असा दचकला, जणू पोरगी शाळाच सोडते म्हणाली. "मराठीत मार्क खंय गावतत? फ्रेंच घे. कॉलेजवाले बघत रवतले."

"बाबा, आजारी माणूस फ्रेंचमधून कण्हता काय?"

"केरीच्या दर्यार गोरे येतत, ते आजारी पडले तर?"

"ते रशियन, बाबा."

यशवंताने दारावरून चाललेल्या पोदेराला हाक मारली, पाव घेतले आणि विषय मिटला असं आपलं आपणच ठरवलं.

आता शहाण्या माणसाने काय करावं? कॉलेजात जाऊन विचारावं, बायांनो, नर्सिंगला कुठले गुण धरता? पण त्याला बस धरावी लागते. देऊळ जवळ. यशवंत गेला देवळात प्रसाद लावायला. मोठ्या कामाआधी इकडे देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि कुठली आधी पडते त्यावरून देवाचं मन ओळखतात.

"काय इचारू?" धाकू गुरवाने पाकळ्या लावता लावता विचारलं.

"उजवी पडली तर फ्रेंच, डावी पडली तर पोर्तुगीज."

मागे उभ्या तनयाने त्याची बाही ओढली. "आणि मराठी?"

"देवाक गोंधळात घालू नको गो!"

पाऊण तास गेला. समईची वात दोनदा सारून झाली. पाकळ्या ढिम्म.

"यशवंता," गुरव म्हणाला, "देव गप्प आसा. तिसरा काय आसला तर तांय सांग."

"तिसरा काय नाय!" यशवंत केवढ्याने तरी ओरडला. घाबरला होता तो. विचारलं आणि पाकळी पडली तर? देवाचं ऐकावं लागलं असतं! मग पडली नाही म्हणजे देवाची हरकत नाही, असा निकाल त्यानेच देऊन टाकला, नारळ ठेवला आणि दुसऱ्या दिवशी फॉर्मवर फ्रेंच लिहून सही ठोकली.

दोन वर्षं तनया आठवड्यातून चार संध्याकाळी म्हापशाला शिकवणीला गेली. बसमधून लोंबकळत यायची, जेवायची आणि जीवशास्त्राचं पुस्तक उघडून त्यावरच डुलक्या काढायची. निकाल लागला. फ्रेंचमध्ये पंच्याण्णव! प्रज्योतपेक्षा एक जास्त. यशवंताने बाजारभर पेढे वाटले. शेजाऱ्याला मुद्दाम दोन दिले.

नर्सिंग कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीत त्याने गुणपत्रिका सरकवली आणि फ्रेंचच्या आकड्यावर बोट ठेवलं. आतल्या बाईने ते बोट अलगद बाजूला केलं.

"हे धरत नाही, काका. फक्त भौतिक, रसायन, जीवशास्त्र."

"मगे भाषा?"

"पास झालं की पुरे. कुठलीही चालते."

"मराठीय?"

"मराठीय."

जीवशास्त्राच्या चार गुणांनी तनयाचं नाव यादीबाहेर राहिलं.

परतीच्या बसमध्ये यशवंत खिडकीबाहेर बघत होता. देवळाचा थांबा आला तसा तो उठला. "पुढच्या वर्षी परत परीक्षेक बसायचा की काय करायचा, जरा प्रसाद लावून बघूया."

तनयाने बाही धरून त्याला खाली बसवलं.

"देवाक त्रास नको, बाबा. ह्या खेपेक माका इचार."